धिंगरी अळंबी कशी खावी, म्हणजे अंगी लागेल

बेळगावच्या बाजारात आता धिंगरीची (ऑयस्टर मशरूमची) २०० ग्रॅमची पुडी भाजीवाल्याकडेही मिळते. शिंपल्याच्या आकाराची, राखाडी किंवा पांढरी, एकाच बुडख्यातून झुबक्याने येणारी ती धिंगरी. 'मशरूम द्या' म्हटलं की दुकानदार बटण मशरूम पुढे करतो आणि कन्नडमध्ये दोन्हींना 'अणबे'च म्हणतात. त्यामुळे मागताना नाव घेऊन मागावं, नाहीतर बोट दाखवावं.

या भाजीबद्दल समजुती दोनच, आणि दोन्ही टोकाच्या. एका घरात ती 'कुत्र्याची छत्री' म्हणून उंबऱ्याच्या आत येत नाही. दुसऱ्या घरात मोबाइलवर आलेला मजकूर वाचून शुगरपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर तिची पावडर सुरू होते. धिंगरी औषध नाही, चांगली भाजी आहे. मात्र बाजारातून ताटात येईपर्यंत तिला ऊन किती दाखवलं, आच किती दिली आणि तिचं पाणी कुठे गेलं, यावर तिच्यातलं किती तुमच्या पोटात जाणार हे ठरतं.

पुडीचा हिशेब

ताज्या धिंगरीत दर १०० ग्रॅममागे ८५ ते ९० ग्रॅम पाणीच असतं. उरलेल्यात प्रथिनं सुमारे ३.३ ग्रॅम, तंतू २.३ ग्रॅम, पोटॅशियम ४२० मिलिग्रॅम, आणि उष्मांक फक्त ३३. म्हणजे २०० ग्रॅमची अख्खी पुडी एकट्याने संपवली तर साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. एवढी एका अंड्यात असतात, किंवा ३० ग्रॅम तूरडाळीत. 'मटणाला पर्याय' हे म्हणणं चवीपुरतं ठीक आहे, पण धिंगरी केली म्हणून त्या दिवशी डाळ वगळू नका.

तिचं खरं बळ ब गटातल्या जीवनसत्त्वांत आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम नायसिन असतं, म्हणजे एका पुडीतून मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक वाटा निघतो. आपल्याकडे याला वेगळं महत्त्व आहे. बेळगावपासून पूर्वेला जाल तसा भात मागे पडतो आणि ज्वारीची भाकरी सुरू होते. दख्खनमध्ये फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा आजार दिसायचा. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि त्यामुळे शरीराला नायसिन कमी पडतं, अशी मांडणी हैदराबादच्या पोषण संस्थेत काम केलेले डॉ. सी. गोपालन यांनी १९६०च्या सुमारास केली. आज भाकरीबरोबर डाळ, भाजी, दूध असतं म्हणून तो आजार क्वचित दिसतो. तरी ज्वारीची भाकरी आणि धिंगरीची सुकी भाजी ही जोडी चवीला जमते तशी पोषणालाही जमते.

दोन गोष्टी तिच्याकडून मागू नका. ब-१२ तिच्यात जवळपास नसतं, त्यामुळे शाकाहारी माणसाची ती उणीव धिंगरीने भरत नाही. लोहही १०० ग्रॅममागे सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे बेताचंच. वर लिंबू पिळलं तर ते थोडं अधिक शोषलं जातं.

बाकी भाज्यांत सहसा न सापडणारे दोन पदार्थ मात्र हिच्यात आहेत. पहिला एर्गोथायोनिन. हा पेशींना झिजेपासून जपणारा पदार्थ आहे. माणसाचं शरीर तो स्वतः बनवू शकत नाही, पण अन्नातून आला की खास वाहक लावून आत घेतं. शिजवल्याने तो फारसा नष्ट होत नाही. दुसरा एर्गोस्टेरॉल, आणि त्याची गंमत उन्हात आहे.

विकत घेताना

छत्रीची कड किंचित आत वळलेली असेल तर माल ताजा. कड वर उलटून चिरली असेल, पिवळी पडली असेल तर तोडणी उशिरा झालेली. वरच्या छत्रीवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर ते बीजाणू. माल जुनसर, पण खाण्याजोगा. बुडाशी कापसासारखं पांढरं आलं तर घाबरू नका, ते अळंबीचंच जाळं आहे. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर ती बुरशी. पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब सुटलेत, देठ बुळबुळीत लागतोय, नवसागरासारखा किंवा मासळीसारखा वास येतोय, यातलं एकही असेल तर पुडी परत करा.

जवळपासचा शेतकरीच विकत असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: अळंबी ज्यावर वाढवता ते पिंजर (पेंढा) कसं निर्जंतुक करता? भाताचं पिंजर दोन पद्धतींनी तयार करतात. एकात ते ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. दुसऱ्यात कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि फॉर्मालिन घातलेल्या थंड पाण्यात १८ तास भिजवतात. दुसरी पद्धत जळण वाचवते म्हणून लोकप्रिय आहे. पण अळंबी ज्यावर वाढते त्यातलं बरंच काही ओढून घेते. पोषणासाठी म्हणून विकत घेत असाल, तर गरम पाण्यावरची चार पैसे जास्त देऊन घ्यावी.

घरी आणल्यावर प्लास्टिकमधून काढून कागदी पिशवीत घाला आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. तोडल्यावरही अळंबीचा श्वास चालू असतो. बंद पिशवीत ती वाफ सोडते, त्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि दोन दिवसांत बुळबुळी धरते. कागदात तीन-चार दिवस निघतात. धुवायची ती करायच्या वेळीच. आधी धुऊन ठेवलेली धिंगरी दुसऱ्या दिवशी फेकावी लागते.

ऊन दाखवणं

आपल्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व बनतं, तसंच अळंबीतल्या एर्गोस्टेरॉलपासून ड-२ बनतं. तोडल्यानंतरही बनतं, चिरल्यानंतरही बनतं. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या धिंगरीत ते नाममात्र असतं. भर दुपारच्या चांगल्या उन्हात ठेवलेल्या कापांत ते १०० ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम किंवा अधिकही होतं. आपल्याकडच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० युनिट लागतं. फुकटात मिळणारा एवढा मोठा लाभ स्वयंपाकघरात दुसरा नाही, आणि तरी तो कोणी घेत नाही.

धिंगरी हाताने उभी फाडा, बोटाएवढ्या पट्ट्या करा. परातीत किंवा सुपात एका थरात पसरा, पाकळ्यांची बाजू वर ठेवा. पाकळ्या म्हणजे छत्रीखालच्या त्या पातळ उभ्या रेघा. त्या बाजूने ऊन लागण्याला जागा जास्त मिळते. ढीग केला तर खालची कोरीच राहते. अकरा ते दोनच्या दरम्यान अर्धा ते एक तास पुरे. माश्या बसू नयेत म्हणून मच्छरदाणीचा तुकडा टाका. धोतराचं किंवा साडीचं कापड टाकलंत तर लागणारा किरणच अडतो. खिडकीच्या काचेआड ठेवूनही काही होत नाही, कारण हे काम करणारा अतिनील-ब किरण काचेतून येत नाही. इथेच बहुतेकांची चूक होते: परात गॅलरीत काचेमागे उन्हात असते, गरमही होते, आणि ड मात्र बनत नाही.

ऊन पुरेसं आहे का, हे सावलीवरून ओळखा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ठेवा, लांब असेल तर राहू द्या. बेळगावात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. मे महिन्याच्या सुरुवातीला सावली अगदी पायाखाली असते. ऐन डिसेंबरातही साडेपाच फुटी माणसाची सावली त्या वेळी साडेचार फुटांच्या आसपास भरते, म्हणजे थंडीतही दुपारचं ऊन चालतं. सकाळी आठचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण या कामाला निरुपयोगी. जून ते ऑगस्ट खानापूरकडे दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा हा नाद सोडा.

ऊन दाखवलेली त्याच दिवशी करा. ड जीवनसत्त्व तव्यावरच्या आचेला बऱ्यापैकी टिकतं आणि तेलात विरघळतं, म्हणून थोडं तेल हवंच. ज्यांची तपासणीत ड ची मोठी कमतरता निघाली आणि डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी दिली, त्यांनी ती पुडी सोडून धिंगरीवर विसंबू नये. ड-२ हे ड-३ इतकं रक्तातली पातळी टिकवून धरत नाही.

शिजवणं

कच्ची खायची नाही. सॅलडवर कच्चे काप घालायची पद्धत परदेशी चित्रांतून आली आहे, ती धिंगरीला लागू करू नका. तिच्यात ऑस्ट्रिओलायसिन नावाचं प्रथिन असतं, ते रक्तपेशी फोडू शकतं. ६०-६५ अंशांवर ते मोडतं. शिवाय तिच्या पेशींची भिंत कायटिनची असते. खेकड्याच्या कवचात असतं तेच. आच लागल्याशिवाय ती भिंत सैल होत नाही, आणि आतलं पोषण न पचता तसंच शरीराबाहेर पडतं.

साधी सुकी भाजी अशी. २०० ग्रॅम धिंगरीचा बुडखा बोटभर कापून टाका. पाकळ्यांत बारीक किडे असू शकतात, म्हणून मीठ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मग नळाखाली भरभर धुऊन फडक्यावर दाबून कोरडी करा. तासभर भिजत ठेवली तर ती स्पंजासारखी पाणी पिते आणि ब जीवनसत्त्वं त्या पाण्याबरोबर मोरीत जातात.

बिडाचा किंवा लोखंडी रुंद तवा चांगला तापवा. दोन चमचे तेल, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, लगेच धिंगरी. मोठी आच. तव्यात गर्दी नको. २०० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर दोन खेपा करा. पहिल्या तीन-चार मिनिटांत ती पाणी सोडते आणि तवाभर रस्सा दिसू लागतो. इथे झाकण ठेवायचं नाही आणि ते पाणी ओतायचंही नाही. ढवळत राहा. पाच-सहा मिनिटांत पाणी आटतं, तव्याचा आवाज बदलतो, खदखद थांबून चरचर ऐकू येते. आता कडा तांबूस होऊ द्या, आणखी दोन-तीन मिनिटं. मग मीठ, हळद, अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला. मीठ नेहमीच्या पाऊणपटच घाला. अळंबीत ग्लुटामेट मुळातच असतं, तेच मटणाच्या रश्शासारखी चव देतं. मापाने मीठ घातलंत तर भाजी खारट होते. रक्तदाबाच्या माणसासाठी हाच तिचा सगळ्यात सोपा उपयोग. उतरवून लिंबू.

भाजी रबरासारखी चिवट झाली, तर कारण जवळजवळ नेहमी एकच: आच मंद होती आणि ती स्वतःच्याच पाण्यात उकडली. देठ तरीही चिवट लागत असेल तर देठ उभा न फाडता आडवा बारीक चिरा. लहान मुलांना आणि दात नसलेल्यांना तसाच द्यावा.

वाळवण

दहा किलो ताज्यापासून साधारण एक किलो वाळलेली निघते. हा आकडा लक्षात ठेवला तर पावडरीच्या जाहिरातींना फसायला होत नाही. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम पावडर म्हणजे ५० ग्रॅम ताजी धिंगरी, आणि प्रथिनं दीड ग्रॅमच्या आसपास. दुधात चमचाभर घालून 'प्रोटीन' घेतल्याचं समाधान मिळतं. प्रथिनं मुख्यतः त्या दुधाचीच असतात.

फेब्रुवारी ते एप्रिल हा वाळवणाचा हंगाम. पट्ट्या करून पहिला तास-दोन तास पाकळ्या वर ठेवून कडक उन्हात, नंतर जाळीवर वाऱ्याला. दोन दिवसांत होते. पावसाळ्यात ड्रायर असेल तर ५० अंशांवर सहा ते आठ तास. ६० च्या वर नेलंत तर बाहेरून कडक, आतून ओलसर राहते आणि रंग काळपट होतो. झाली की नाही हे मोडून बघा: पापडासारखी कट्‌ आवाज करून तुटली पाहिजे. चामड्यासारखी वाकली तर अजून ओल आहे. तशीच बरणीत भरलीत तर आठवड्याभरात आतून हिरवी होईल. काचेच्या बरणीत, अंधारात, सहा महिन्यांत संपवावी. दळायची ती थोडी थोडी, कारण पावडर हवेतली ओल फार लवकर ओढते.

वाळवायची जागा निवडताना जपा. निपाणी-चिकोडी पट्ट्यात ज्या खळ्यावर, गोणपाटावर तंबाखू पडलेली असते, तिथे धिंगरी पसरू नका. तंबाखूची धूळ तिला चिकटते आणि वाळल्यावर धुता येत नाही. हमरस्त्याच्या कडेचं अंगणही नको.

वाळलेली वापरताना वीस ग्रॅमला दोन वाट्या कोमट पाणी, अर्धा तास. हे पाणी सोन्यासारखं आहे, फेकू नका. फडक्यातून गाळून घ्या, म्हणजे तळाची कचकच राहील. सुकं खोबरं, कांदा आणि लसूण भाजून वाटण करा, त्यात तीन-चार ब्याडगी मिरच्या. फोडणीत वाटण परतून फुगलेली धिंगरी आणि हे पाणी घाला, मंद आचेवर पंधरा मिनिटं, शेवटी दोन आमसुलं. ब जीवनसत्त्वं पाण्यात उतरली तरी ती आमटीतच राहतात.

औषध म्हणून काय खरं

कोलेस्टेरॉल. धिंगरीत लोव्हास्टॅटिन निसर्गतःच थोडं असतं. हेच द्रव्य १९८७मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं आणि स्टॅटिन गटातलं बाजारात आलेलं पहिलं औषध ठरलं. पण तिथे ते दुसऱ्या बुरशीपासून काढलं होतं आणि गोळीत मोजून भरलं होतं. धिंगरीत ते वाणागणिक आणि पिकवण्याच्या पद्धतीगणिक बदलतं, त्यामुळे भाजीने गोळीची जागा घेता येत नाही. बीटा-ग्लुकन हे तिचे तंतू पित्ताम्लं बांधून थोडी मदत करतात, ओट्‌ससारखी. आठवड्यातून दोन-तीनदा भाजी खा, गोळी चालू ठेवा. गोळी चालू असताना धिंगरीच्या अर्काच्या कॅप्सूल स्वतःहून घेऊ नका.

मधुमेह. १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं सहा ग्रॅम, त्यातले दोनाहून अधिक तंतू. साखर चढत नाही हे खरं. खरा फायदा मात्र ताटाच्या मांडणीत आहे: वाटीभर धिंगरीने पोट भरतं आणि तिसरी भाकरी सुटते. तिसरी भाकरी सुटली नाही, तर धिंगरीने साखर उतरत नाही.

प्रतिकारशक्ती. प्ल्युरान हे धिंगरीतलं बीटा-ग्लुकन वेगळं काढून, वारंवार सर्दी-खोकला होणाऱ्या मुलांवर अभ्यासलं गेलं आहे. ते शुद्ध द्रव्य होतं, ठरलेल्या मात्रेत. वाटीभर भाजीला तेच गुण लावता येत नाहीत. कॅन्सरचे दावे बहुतेक काचनळीतल्या पेशींवरून उचललेले असतात. रुग्णाला भाजी म्हणून द्या, उपचार म्हणून नाही.

कोणी जपून

मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियमचं पथ्य असेल तर डॉक्टरांना विचारूनच. एका पुडीत ते ८४० मिलिग्रॅम आहे. युरिक ॲसिड वाढलेल्याने सांधा सुजलेला असताना टाळावी. काहींना अळंबीतली ट्रेहॅलोज ही साखर पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात. म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्याने अर्ध्या वाटीपेक्षा जास्त घेऊ नये, तीही रात्री नको. दमा असेल त्याने धिंगरीच्या शेडमध्ये मास्क न लावता जाऊ नये. धिंगरी बीजाणू फार उडवते, आणि रोज ते ओढणाऱ्यांना खोकला, ताप आणि धाप लागते.

रानातली

पाऊस लागला की जांबोटी, कणकुंबी, लोंढा भागांत वारुळावर अळंबी फुटते आणि पानांत बांधून विकायला येते. टोकदार बोंडाची छत्री, आणि जमिनीत वारुळाच्या पोळ्यापर्यंत गेलेलं लांब मूळ, ही तिची खूण. वाळवीशिवाय ती वाढत नाही, म्हणून शेडमध्ये पिकवता येत नाही. चव धिंगरीपेक्षा कितीतरी सरस. पण ती पिढ्यान्‌पिढ्या गोळा करणाऱ्याकडूनच घ्यावी आणि स्वतः शोधायला जाऊ नये. भीमगड अभयारण्यातून तर काहीच उचलायचं नाही, कायद्यानेच मनाई आहे.

चांदीचा चमचा काळा पडला, लसूण निळी झाली, भात रंगला तर विषारी, नाहीतर चांगली, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. किड्याने खाल्लेली अळंबी माणसाला चालते, हेही खोटं. अमानिटा या विषारी रानअळंबीचं विष शिजवून, वाळवून जात नाही. त्याची उलटी-जुलाब सहा ते बारा तासांनी सुरू होतात, काही वेळा त्याहून उशिरा. मग दिवसभर बरं वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी यकृत बसतं. हा मधला बरा दिवस फसवा असतो. रानातली अळंबी खाल्ल्यावर उशिरा उलट्या सुरू झाल्या, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका. जेवलेल्या सगळ्यांनाच, त्रास होत नसलेल्यांनाही, थेट सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. उरलेली अळंबी, चिरलेले बुडखेसुद्धा, कागदात गुंडाळून बरोबर घ्या, प्लास्टिकमध्ये नको. प्लास्टिकमध्ये ती तासाभरात चिघळते आणि ओळखता येत नाही.